रखडलेले प्रबंध आणि आळसाचा शेरा

महोदय,

पीएच.डी.चा प्रबंध रखडला की घरचे आणि मार्गदर्शक दोघेही विद्यार्थ्यावर आळसाचा शिक्का मारून मोकळे होतात. अनेक वर्षे संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केल्यावर मला हा शिक्का बहुधा चुकीचा वाटतो. रखडलेल्यांपैकी बरेच जण दिवसभर ग्रंथालयात टिपणे काढत बसलेले असतात. फक्त पहिले प्रकरण हातातून सुटत नाही, कारण आणखी एक संदर्भ पाहायचा राहिलेला असतो. मानसशास्त्रज्ञ येथे महत्त्वाचा भेद करतात: काम उत्तम व्हावे ही ओढ सहसा चालढकल वाढवत नाही, चूक निघाली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती मात्र वाढवते. (माझेही दुसरे प्रकरण दोन वर्षे अडले होते, शेवटी सरांनी कच्चे बाड अक्षरशः हिसकावून नेले.)

परिपूर्णतेचा आग्रह धरूनही काम पुढे कसे न्यावे, याचे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्या या मंडळींना आळशी कोण म्हणेल? तरीही त्यांनी अंतिम पाठ हाती येईपर्यंत दार लावून घेतले नाही. १९२३ मध्येच उटगीकरांनी संपादित केलेली विराटपर्वाची चाचणी आवृत्ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध झाली. पुढे प्रमुख संपादक सुखटणकरांनी आदिपर्वही १९२७ पासून खंडशः काढले आणि ते १९३३ मध्ये पुरे केले. १९४३ मध्ये ते निवर्तले, पण छापलेले भाग आणि ठरलेली संपादनपद्धती हाताशी असल्याने इतरांना काम पुढे नेता आले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधासाठी सहा वर्षे, फेरनोंदणीने आणखी दोन वर्षे आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी चकचकीत स्लाइड दाखवल्या जातात आणि लेखन झाकलेलेच राहते. त्याऐवजी समितीने दर सत्रात प्रबंधाची दहा कच्ची पाने मागावीत, त्यांवर समासात पेन्सिलीने सूचना लिहाव्यात आणि अहवालात त्यांतील चुकांची नोंद करू नये. यासाठी नवा नियम लागत नाही. विभागप्रमुखांना हे येत्या सत्रापासूनच सुरू करता येईल.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे