‘आठ तासांत फुल्ल’ म्हणजे नक्की किती?

महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत विजेवरच्या गाड्यांबद्दल बरंच छापून येतं आणि मी ते आवर्जून वाचतो. कारण माझा धंदाच बॅटरीचा. कराडला वडिलांच्या काळापासून आमचं डायनॅमो-बॅटरीचं दुकान आहे. पण दर वेळी एकाच वाक्याला ठेच लागते : ‘घरच्या प्लगवर आठ तासांत फुल्ल.’ कुठल्या घरच्या? किती रिकाम्या बॅटरीपासून? त्याबद्दल अवाक्षर नसतं.

ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावताना आम्ही कधी छापील तास बघितले नाहीत. १०० एएचची (अँपियर-तासाची, म्हणजे १० अँपियर दहा तास देणारी) बॅटरी पार उतरलेली असेल आणि १० अँपियर सोडले, तर भागाकार येतो १० तास, पण आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो बारा ते चौदा. ॲसिडच्या बॅटरीत घातलेलं सगळंच जमा होत नाही, काही उष्णतेत आणि बुडबुड्यांत जातं. शेवटी हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, घालून बघायचं.

लिथियमच्या गाडीचा हिशोबही याच जातीचा आहे, फक्त अँपियरऐवजी युनिटमध्ये करायचा. घरच्या मीटरवर पडतं तेच युनिट, म्हणजे एक किलोवॉट तासभर. समजा बॅटरी ३० युनिटची आहे आणि २० टक्के शिल्लक असताना लावली. भरायची राहिली २४ युनिट. चार्जर गरम होतो, त्यात दहा-पंधरा टक्के जातात, म्हणजे मीटरवरून साधारण २७ युनिट ओढावी लागतील. गीझरचा १५ अँपियरचा प्लग २३० व्होल्टला ३.३ किलोवॉटच्या आसपास देतो. २७ भागिले ३.३, म्हणजे सव्वाआठ तास. झाले की आठ तास! पण २३० व्होल्ट मिळाले तर. आमच्या उसाच्या पट्ट्यात मोटारी चालू झाल्या की घरात १९० व्होल्टही दिसतात. चार्जर १५ अँपियरच्या वर ओढत नाही, त्यामुळे ३.३ चे होतात २.८५ किलोवॉट आणि सव्वाआठाचे साडेनऊ तास. अर्थिंग धड नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, मग तासांचा प्रश्नच मिटला.

खरी फसगत होते ती पुढे. ओळखीच्या एका शिक्षकांनी घरी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवला. मंजूर भार वाढवून घेतला, जाड केबल ओढली, आणि वेळ एका मिनिटानं कमी झाला नाही. होणारच नव्हता. भिंतीवरचा तो डबा म्हणजे चार्जर नव्हेच, सुरक्षेची सोय असलेला भारी स्विच म्हणा. घरात येणाऱ्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, आणि त्यांच्या मॉडेलमध्ये तो ३.३ किलोवॉटचाच आहे. हे त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि त्यांनी जे वाचलं होतं त्यातही नव्हतं.

हायवेवरच्या फास्ट चार्जरची तऱ्हा वेगळी. तिथं डीसी थेट बॅटरीत जातं, गाडीतला चार्जर मध्ये येत नाही. बोर्डावर ६० किलोवॉट लिहिलेलं असतं. १० वरून ८० टक्के म्हणजे आपल्या ३० युनिटच्या गाडीला २१ युनिट. बोर्ड वाचून माणूस म्हणतो, वीस मिनिटांत चहा पिऊन निघू. पण गाडीच ३० किलोवॉटच्या वर घेत नसेल तर पाऊण तास धरा. काही ठिकाणी दुसऱ्या गनला गाडी लागली की पॉवर दोघांत वाटली जाते. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या तापल्या बॅटरीला तर गाडीचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, स्वतःच हात आखडता घेतो. आणि ८० टक्क्यांनंतर पोतं शिगोशीग भरण्यासारखं होतं, शेवटचं धान्य ठोकून ठोकूनच बसवावं लागतं. म्हणून रांग असताना १०० टक्क्यांपर्यंत गाडी लावून बसणाऱ्याला काय म्हणावं ते छापण्याजोगं नाही. घरी रात्री सावकाश लावलेल्या गाडीला मात्र हा ८०चा अडथळा जवळपास जाणवत नाही, तिचा वेग मंदावतो तो अगदी शेवटी.

माझी विनंती एवढीच की, गाडीची माहिती देताना तास छापू नका. बॅटरी किती युनिटची, गाडीतला एसी चार्जर किती किलोवॉटचा, आणि डीसीवर गाडी जास्तीत जास्त किती घेते, हे तीन आकडे छापा. भागाकार आम्ही करू. आमच्याकडचे तीनचाकी टेम्पोवाले तो करायला शिकलेत. ८ युनिटची बॅटरी आणि दीड किलोवॉटचा चार्जर असेल, तर रात्री अकराला रिकामी लावलेली गाडी पहाटे चारला भाजी मार्केटला निघताना ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. त्या हिशोबानंच ते लांबचं भाडं घ्यायचं की नाही ते ठरवतात.

आपला,
एक बॅटरीवाला वाचक, कराड