आईच्या पायात चप्पल घालणाऱ्या डॉक्टरबाईंना

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

रोज इतके पेशंट बघता, रामबागेतल्या त्या ७२ वर्षांच्या आजी आपल्याला आठवतीलच असं नाही. मला मात्र तो दिवस विसरता येत नाही.

वर्षभर आई गप्प गप्प होती. भजनी मंडळ सुटलं, दुपारी कारण नसताना रडू यायचं, नावं आठवायची नाहीत. पायांना मुंग्या येतात, हे तर रोजचंच. एका डॉक्टरांनी सगळं वयावर ढकललं. दुसऱ्यांनी तिच्याकडे न बघता मला विचारलं, "घरात काही टेन्शन?" आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन चांगलं, मग आजार कसला! नातेवाईक म्हणाले, उगाच मनाला लावून घेतात. मीसुद्धा तिच्यावर चिडायचे, त्याचं आज फार वाईट वाटतं.

आपल्याकडे आत येताना तिची एक चप्पल दाराशीच निसटली आणि तिला पत्ताच नाही. आपण खुर्चीवरून उठलात, चप्पल आणलीत, खाली बसून तिच्या पायात घातलीत आणि विचारलंत, "आई, निसटलेली कळली नाही ना तुम्हाला?" तिला विचारलंत हो, मला नाही! वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं मानलं. ती तिथेच रडली.

मग आपण नसांची जाणीव तपासायचा तो थरथरणारा चिमटा तिच्या घोट्याला लावलात, जीभ बघितलीत. लाल, अगदी गुळगुळीत. मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. ११ वर्षं, त्यात घर शुद्ध शाकाहारी. या दोन्हींमुळे बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं. रक्तात ते निघालं ११२, आणि २०० च्या खाली कमी धरतात. रक्त नीट दिसत असतानाही ही कमतरता नसांना आणि मनाला पोखरू शकते, हे आपल्याकडून कळलं. "प्रत्येक उदासी यामुळेच नसते, पण हे तपासायला तर हवं," हेही आपण सांगितलंत.

इंजेक्शनं चालू आहेत. मुंग्या अजून आहेत, रडणं मात्र थांबलंय. एवढ्या मोठ्या डिग्रीची बाई पेशंटच्या पायाशी बसते, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. अशी माणसं इंदुरात आहेत याचा केवढा आधार वाटतो!

परवा आई सकाळी स्वयंपाकघरात आली, पोहे चाखले आणि म्हणाली, "बडीशेप कमी पडली गं." आता विचारतेय, डॉक्टरबाईंना गूळपोळी आवडते का? संक्रांतीला घेऊन येतोय आम्ही दोघी.

आपली,
आजींची लेक