पुन्हा टाळच हातात

आक्रा, घाना
शनिवार, रात्रीचे ९

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. न.

आप्पा, फोनवर दोन वाक्यं झाली की तुम्ही "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणून सुटता. म्हणून हे लिहून दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. दादा, वाचून दाखवताना एकही ओळ गाळायची नाही.

बातमी अशी, की मी इथे ढोल शिकायला लागले आहे. आणि नाचही. आई, दचकू नकोस. निवड नव्हतीच. गेले होते ढोलासाठी, पण मास्टर म्हणाले, ज्याला नाचता येत नाही त्याला मी वाजवायला शिकवत नाही. दर शनिवारी दुपारी एका घराच्या अंगणात क्लास भरतो. अंगणात कडुनिंब आहे, अगदी आपल्यासारखाच. आम्ही सात-आठ जण शिकणारे आणि कुंपणावर बसून आम्हाला हसणारी गल्लीतली पंधरा पोरं.

शिकतोय तो नाच क्पानलोगो. 'क' आणि 'प' एका दमात म्हणायचे, मला अजून नीट जमत नाही. आक्रा हे मुळात गा लोकांचं गाव. त्यांच्या तरुण पोरांनी १९६०च्या सुमारास, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, जुन्या नाचांतून हा नवा नाच काढला. कमरेची हालचाल बघून वडीलधारी मंडळी खवळली होती. आता त्याच नाचाशिवाय कार्यक्रम होत नाही. तमाशाला नाकं मुरडणारे आपले गाववाले आठवले.

आता ढोलाचं सांगते, आप्पा, तुम्हाला त्यातच रस. एकाच लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेला, खाली निमुळता. वर चामडं, आणि ते ताणायला वादीऐवजी लाकडी खुंट्या. स्वर उतरला की खुंट्या ठोकायच्या. आपल्या पखवाजाच्या पुड्यांवर असते तशी शाई नाही, कणीक नाही. एक मात्र बघून तुमची फार आठवण आली. गोमे नावाचा चौकोनी, पेटीसारखा मोठा ढोल असतो. वाजवणारा चक्क त्याच्यावर बसतो, पायांच्या मधून वाकून हातांनी वाजवतो आणि टाच चामड्यावर दाबून स्वर चढवतो-उतरवतो. तबलजी डग्ग्यावर मनगट घासतो ना, तेच काम टाचेनं! फर्नांडो पो बेटावर कामाला गेलेले गा सुतार-मजूर तो ढोल तिथून घेऊन आले म्हणतात.

पण माझ्या हातात ढोल आला नाही. पहिल्या दिवशी मास्टरांनी मला दिली एक लोखंडी घंटा आणि काडी. गांकोग्वी म्हणतात तिला. दोन घंटा एकीला एक जोडलेल्या, एक मोठी, एक लहान. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. मी आठ वर्षांची असताना तुमच्यासमोर पखवाजाला हात लावला होता, तेव्हा तुम्ही दादाला पुढे बसवलंत आणि मला टाळ दिलेत. इतका समुद्र ओलांडून आले, तर पुन्हा टाळच हातात!

आणि तो टाळही धड वाजेना. सोळा मात्रा धरा. घाव पडतात १, ४, ७, ११ आणि १३ वर. कं, कं, कं, मग थांबून कं-कं. ऐकायला सोपं. पण ५ वर काही नाही, ९ वर काही नाही, म्हणजे जिथे आपला कान आधार शोधतो तिथेच मोकळी जागा. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला मी घसरायची आणि माझ्यामागे सगळे ढोल घसरायचे. कुंपणावरची पोरं खूश.

तिसऱ्या शनिवारी न राहवून मी मास्टरांना विचारलं, सम कुठे? म्हणजे पहिला ठोका कुठला, असं. त्यांनी काही समजावलं नाही. घंटा माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "चाल." ते वाजवत राहिले, मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. गुडघे वाकवून, पाठ पुढे झुकवून, आपल्या लेझमीत बसतो त्याहून थोडं उंच. चार पावलं म्हणजे एक आवर्तन: १, ५, ९, १३. पाऊल आणि घंटा दोनदाच भेटतात, १ वर आणि १३ वर. बाकी वेळ एक इकडून, एक तिकडून. दहा मिनिटं चालल्यावर कळलं की ते दोन रिकामे ठोके रिकामे नाहीतच, तिथे माझं पाऊल पडतंय. म्हणजे नाचल्याशिवाय ढोल नाही, हा मास्टरांचा हट्ट नुसता हट्ट नव्हता.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, ते सोडा. आई, तिळाचं तेल इथे मिळालं, काळजी करू नकोस. आणि खाण्याचंही विचारू नकोस, इथली चवळीची उसळ पामच्या लाल तेलात करतात, सोबत तळलेली पिकली केळी. मासळी घालू नका एवढं आधी सांगावं लागतं.

मग मे महिन्यात क्लासच मुका झाला. गा लोकांचा होमोवो नावाचा मोठा सण असतो. 'भुकेची टर उडवणं' असा त्याचा अर्थ, जुन्या दुष्काळाची आठवण. त्याच्या आधी, मका पेरल्यावर, साधारण महिनाभर साऱ्या शहरात ढोल वाजवायला मनाई असते. पीक वाढताना देवांना शांतता हवी म्हणून. चर्च-मशिदींनीही भोंगे बाहेर लावायचे नाहीत, असं सांगितलेलं असतं. आपल्या चातुर्मासात लग्नं थांबतात, इथे ढोल थांबतात. त्या महिन्यात आम्ही अंगणात बसून हळू आवाजात नुसते बोल म्हणायचो. तुम्ही रात्री ओसरीवर डोळे मिटून पुटपुटायचात तसे. माझं सगळ्यात जास्त शिक्षण त्याच महिन्यात झालं असं मला वाटतं.

आज मनाई उठल्यानंतरचा पहिला शनिवार होता. घंटा घेतली आणि वीसेक मिनिटं एकदाही सुटली नाही. मास्टर ओरडले, "आयेकू!" म्हणजे शाबास. मी खुशीत डाव्या हातानं काडी परत द्यायला गेले, तर तिथल्या तिथे बोलणी खाल्ली. डाव्या हातानं काही द्यायचं नाही, अगदी आपल्या आजीसारखं.

एक गोष्ट क्लासमधल्या एका मुलीनं सांगितली. इथेही बऱ्याच समाजांत ढोल पुरुषांनी वाजवायचा आणि बायकांच्या हाती खुळखुळा नाहीतर टाळ्या, अशीच रीत होती. ती स्वतः आता मोठा ढोल वाजवते. तिच्या वडिलांना आवडतं का, विचारलं, तर म्हणाली, "ते ऐकायला येतात. शेवटी बसतात, आणि आधी उठून जातात."

मास्टर म्हणालेत, पुढच्या शनिवारपासून अर्धा तास घंटा, अर्धा तास ढोल. म्हणून आत्ताच लिहितेय. आप्पा, पालखी जवळ आलीय, मंडळात पखवाजाला नवीन पोरगं लागणार हे मला आईनं सांगितलंय. आपला जुना पखवाज त्याला देऊ नका. शाई गेली असली तर भरून आणा, पैसे मी पाठवते. डिसेंबरमध्ये येतेय. दादा तसाही वाजवत नाही.

(दादा, ही ओळसुद्धा वाचायची.)

तुमची
धाकटी