प्रेशर कुकरवरचा रिव्ह्यू हटवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन मार्केटप्लेस विभाग

विषय : ५ लिटर ॲल्युमिनियम प्रेशर कुकरवरचा एक स्टारचा रिव्ह्यू कारण न सांगता काढून टाकल्याबाबत

महोदय / महोदया,

वरील वस्तूवरचा माझा रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यानंतर नवव्या दिवशी दिसेनासा झाला. 'मजकूर आमच्या मार्गदर्शक सूचनांशी सुसंगत नाही' एवढाच ईमेल आला. कोणती सूचना मोडली, कोणत्या वाक्याने मोडली, काहीच कळवलेले नाही. आता त्या वस्तूवर पुन्हा रिव्ह्यू लिहिण्याची सोयही बंद आहे. ऑर्डर तुमच्याच संकेतस्थळावरची असून बिल सोबत जोडले आहे.

रिव्ह्यूत काय होते ते आधी पाहावे. कुकरच्या भांड्यावर, झाकणावर किंवा खोक्यावर कुठेही आयएसआय चिन्ह नाही. चिन्हाच्या वर आयएस २३४७ हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की उत्पादकाचे नाव येते. इथे टाकायला क्रमांकच नाही. दुसरे म्हणजे रबर रिंग झाकणाच्या खाचेत नीट बसत नाही. कडेने वाफ जाते, दाब धरत नाही, शिट्टी होत नाही. गॅस चालूच राहतो, पाणी आटते आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडतो. एक वाटी तूरडाळ आणि तीन वाट्या पाणी घालून दोनदा हेच झाले. हे सगळे फोटोंसह लिहिले होते. त्यात शिवी नाही, विक्रेत्यावर वैयक्तिक शेरा नाही, डिलिव्हरीबद्दल अवाक्षर नाही.

हटवण्याचे एकच सबळ कारण असू शकते. खोक्यात एक कार्ड निघाले होते : पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा, १०० रुपये मिळवा. त्याचा फोटो मी टाकला आणि त्यात विक्रेत्याचा मोबाइल क्रमांक दिसत होता. हरकत त्यालाच असेल तर ती रास्त आहे. पण मग 'हा फोटो काढा आणि पुन्हा पाठवा' असे कळवायला हवे होते. पूर्ण रिव्ह्यू का गेला? शिवाय कार्ड देणाऱ्या विक्रेत्यावर काहीच कारवाई झालेली दिसत नाही, यादी, म्हणजे वस्तूचे विक्रीचे पान, तशीच चालू आहे.

एका रिव्ह्यूने काय फरक पडतो, असे आपल्या विभागाला वाटू शकते. हिशेब करून पाहावा. ४० रेटिंगांत २८ पाच स्टारची आणि १२ एक स्टारची असतील, तर सरासरी ३.८ येते. त्या बारांतली सहा काढली की ती ४.३ होते. '४ स्टार व अधिक' हा फिल्टर लावणाऱ्या ग्राहकाला आधी न दिसणारा कुकर आता दिसू लागतो. नव्या विक्रेत्याकडे रेटिंग थोडी असतात, म्हणून सहा तक्रारी गायब होणे पुरेसे ठरते. तक्रार नोंदवण्याचे बटण विक्रेत्याच्या माणसांनाही दाबता येते. एकाच रिव्ह्यूवर अनेक खात्यांतून ते दाबले गेले आणि यंत्रणेने माणसाने न वाचता मजकूर उतरवला, असे इथे झाले का, हे तपासावे अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट दिसते. ३ लिटर स्टीलचा आतल्या झाकणाचा कुकर आणि हा ५ लिटरचा बाहेरच्या झाकणाचा कुकर 'प्रकार' म्हणून एकत्र जोडले आहेत. दोन्हींचे रिव्ह्यू एकाच आकड्यात मिसळतात. रिंग वेगळी, झाकण वेगळे, धातू वेगळा. स्टीलच्या कुकरची वाहवा वाचून लोक ॲल्युमिनियमचा कुकर घेत आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अशाच जोडाजोडीबद्दल एका कंपनीवर ६ लाख डॉलरची कारवाई केली. त्याआधी २०२२ मध्ये, चारपेक्षा कमी स्टारचे रिव्ह्यू अडवून ठेवणाऱ्या कपड्यांच्या एका कंपनीला ४२ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे कमी स्टारचे रिव्ह्यू वेगळ्या रांगेत जातात का, हे लेखी कळवावे.

आपल्या देशातले नियमही पुरेसे स्पष्ट आहेत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक ऑनलाइन रिव्ह्यू गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यासाठीच आहे. ते ऐच्छिक म्हणून आले, हे मला माहीत आहे. पण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ऐच्छिक नाही. त्याच्या कलम २(९) मध्ये जिवाला धोकादायक वस्तूंपासून संरक्षण आणि वस्तूच्या दर्जाची माहिती, हे दोन्ही ग्राहकाचे हक्क म्हणून लिहिले आहेत. आणि कुकरला आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच निकृष्ट कुकरबद्दल एका मार्केटप्लेसला १ लाख रुपये दंड केला आणि विकलेल्या २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवून, कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आदेश दिला. माझा रिव्ह्यू त्याच धोक्याची सूचना देत होता. व्हॉल्व्ह उडाला म्हणून वाफेला वाट मिळाली. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने तुंबली आणि व्हॉल्व्हही वेळेवर वितळला नाही, तर झाकण उडते आणि ओट्यापाशी कुणीतरी उभे असते.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. कुकरची विक्री परवाना क्रमांक तपासेपर्यंत थांबवावी, हे सर्वांत आधी. मोबाइल क्रमांकाचा फोटो वगळून माझा रिव्ह्यू मूळ तारखेसह, शब्द न बदलता पुन्हा लावावा. तो कोणत्या कलमाखाली काढला आणि निर्णय यंत्राचा होता की माणसाचा, हे कळवावे. दोन कुकरची यादी वेगळी करावी. या विक्रेत्याच्या वस्तूंवरचे गेल्या सहा महिन्यांत उतरवलेले एक आणि दोन स्टारचे रिव्ह्यू माणसाकडून पुन्हा वाचून घ्यावेत. ज्यांनी हा कुकर आधीच घेतला आहे, त्यांना चिन्हाबद्दल कळवावे. ते आज तो वापरत असतील.

ई-कॉमर्स नियम, २०२० मधील नियम ४(५) प्रमाणे ४८ तासांत या पत्राची पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, अधिनियमाच्या कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देईन.

एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, हटवलेल्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट, आपला ईमेल, कुकरचा तळ, झाकण, रिंग आणि उडालेला व्हॉल्व्ह यांचे फोटो, खोक्यातले कार्ड (मोबाइल क्रमांक झाकून).