प्रिंटरचं हेड बदलायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा सांग आधी" म्हणून विषयच मोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. कराडात एकाच रस्त्यावर आपली दोन दुकानं. माझ्या दारातून परत गेलेलं गिऱ्हाईक सरळ तुमच्याच पायरीवर चढतं. गणपतीच्या तोंडावर माझं व्हिनायलवर छापायचं मशीन आडवं झालं, तेव्हा तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी तुमचा फायदाच होता.

मंडळांच्या सनबोर्डच्या, म्हणजे फोमच्या फलकांच्या, ऑर्डरी अंगावर होत्या आणि पिवळ्या शाईत मजंटा, म्हणजे गडद गुलाबी, उतरत होता. मोदकाचं चित्रसुद्धा गुलाबी निघत होतं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर "हेड गेलं, नवीन घ्या, इंजिनिअर पुढच्या आठवड्यात, येण्याजाण्याचं वेगळं, हेडला वॉरंटी नाही." हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, गेलं हे त्यांनी मशीन न बघता सांगितलं. ते खरं निघालं हा भाग वेगळा.

तुम्ही आलात आणि पहिलं काय केलंत, तर खुर्ची ओढून बसलात. "नोझल टेस्ट काढ. परत काढ. आता दोन्ही कागद शेजारी ठेव." या टेस्टमध्ये प्रत्येक नोझलची, म्हणजे हेडच्या बारीक भोकाची, एक रेघ उमटते. तुटलेल्या रेघा दर वेळी जागा बदलत असतील तर हवा शिरतेय, म्हणजे कॅपिंग (हेड झाकणारी रबरी कॅप), शाई ओढणारा पंप किंवा डॅम्पर (हेडवरची शाईची छोटी डबी) बघायचा. त्याच जागी तुटत असतील तर नोझल बंद आहे. टेस्ट सरळ येते पण प्रिंट अर्ध्यावर फिकी पडते, तर शाई पुरत नाही, डॅम्परची जाळी भरलीय. इतकी वर्षं मी टेस्ट काढत होते ती "आली का, नाही आली" एवढंच बघायला.

आमच्या मशीनला डीएक्स५ जातीचं हेड. आठ ओळी, प्रत्येक ओळीत १८० नोझल, म्हणजे एकूण १४४०. चार रंगांना दोन-दोन ओळी. रंगात रंग मिसळतो तेव्हा दोष कॅपमध्ये असू शकतो. कॅपमध्ये साचलेली शाई उलटी हेडला लागते. कॅप धुऊन, पंप ओढतोय याची खात्री करून झाली, तरी पिवळा घाणच. मग तुम्ही हेड काढायला लावलंत आणि सिरिंजला मऊ नळी लावून मजंटाच्या तोंडात फ्लशिंगचं, म्हणजे हेड धुवायचं, पाणी हळूच सोडायला सांगितलंत. पाणी आपलं म्हणायचं, खऱ्या पाण्याचा थेंबही इको-सॉल्व्हंट शाईच्या हेडला दाखवायचा नाही, हेही तुमचंच. धार खाली पडद्यासारखी सरळ उतरायला हवी होती. मजंटाच्या ओळीतून ती उतरलीच, पण शेजारच्या पिवळ्याच्या ओळीतही थेंब फुगायला लागले. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात आणि म्हणालात, "दोन रंगांमधला आतला पडदा फाटलाय पोरी. आता याला धुण्यात शाई घालवू नको." कुणीतरी आधी जोर लावून सिरिंज मारली असणार, हा तुमचा अंदाज. मागच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाचा अंगठा मला लगेच आठवला.

नवीन हेड लगेच बसवू दिलं नाहीत, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचेत. आधी कॅपच्या रबरी कडेवरून नख फिरवायला लावलंत. कड कडक झाली होती, एका कोपऱ्यात चिरली होती. "ह्याच्यावर रात्रभर नवीन हेड ठेवणार? सकाळी वाळलेलं मिळेल." कॅप, हेड पुसणारा वायपर आणि डॅम्पर आधी बदलले. त्यांचं सगळं मिळून बिल हेडच्या मानाने किरकोळ होतं.

हेड घेतानाही तुम्ही फोनवर होता. डीएक्स५ मध्ये लॉक्ड आणि अनलॉक्ड असतं, लॉक्ड, म्हणजे कुलूपबंद, घेतलं तर ते चालवायला डीकोडर कार्ड लागतं, हे दुकानदाराने आपणहून सांगितलं नव्हतं. शाईची तोंडं आतून पांढरी आहेत का ते बॅटरी मारून बघ, रंगाचा डाग दिसला तर ते धुऊन परत विकायला काढलेलं हेड आहे, असं तुम्ही म्हणालात. पहिल्या डब्यातलं हेड मी तेवढ्यावरच परत केलं. दुकानदाराचा चेहरा बघायला तुम्ही हवे होता.

मग खरं काम. तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात, आणि राग आला होता मला, खरं सांगते. तुमच्या हातांनी ते कितीतरी लवकर झालं असतं. पण स्विच बंद केल्यावर प्लगसुद्धा भिंतीतून काढायचा आणि बोर्डातला करंट उतरेपर्यंत थांबायचं, हे मी कधीच विसरणार नाही, कारण तुम्ही मला तेवढा वेळ नुसतं बसवून ठेवलंत. मशीनच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवायची. हेडला कडेने धरायचं, खालच्या चकचकीत पट्टीला बोट नाही. केबल सॉकेटमध्ये घालताना तुम्ही दोनदा बाहेर काढायला लावलीत. केबलीची एक बाजू केसभर वर राहिली होती, मला दिसतही नव्हती. तिरपी केबल किंवा तिच्यावर शाईचा एक थेंब, आणि नवं हेड चालू करताक्षणी जातं, जाताना बोर्डालाही घेऊन जातं. म्हणून डॅम्पर हेडवर बसवायच्या आधीच सिरिंजने शाई ओढून बुडबुडे काढले, हात पुसले, ग्लोव्हज बदलले, आणि केबलीच्या तोंडावर टेप लावली.

स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, आधी उभ्या रेघांची टेस्ट बघून हेडचा तिरपेपणा काढायचा, मग आवळायचं, मग हेड जाता-येता उमटणाऱ्या रेघा जुळवायचं अलाइनमेंट, शेवटी स्टेप, म्हणजे मीडिया (ज्यावर छापायचं तो व्हिनायल) दर फेरीला किती सरकतो ते. यात संध्याकाळ गेली. स्टेपला तर मीच तुम्हाला जेवायला घरी पाठवलं, कारण तोवर पट्टा काळा पडतोय की पांढरा, म्हणजे मीडिया कमी सरकतोय की जास्त, हे मला दिसायला लागलं होतं.

तोवर माझ्या तातडीच्या ऑर्डरी तुमच्या मशीनवर निघत होत्या. गिऱ्हाइकाला तुमचं कार्ड दिलं नाहीत, बिलही माझ्याच नावावर फाडायला लावलंत, आणि माझ्याकडून फक्त शाई-मीडियाचे पैसे घेतलेत. आपल्या धंद्यात स्क्वेअर फुटामागे रुपया कमी करून एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायची रीत आहे. त्यात हे कुठे बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

परवा तुमच्याकडे आले तेव्हा तुमच्या टेस्टमध्ये सायनच्या, म्हणजे निळ्याच्या, रेघा जागा बदलताना दिसल्या. तुम्ही "होतं गं" म्हणालात. काका, कॅप गेलीय तुमची. माझी मागवताना मी तुमच्या मशीनची पण मागवलीय. दसऱ्याचं काम संपलं की रविवारी दुकान उघडं ठेवा, मी येऊन बसवते. तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि हात लावायचा नाही.

तुमच्याच रस्त्यावरची
व्हिनायलवाली