लेशाफ्ट कधी फिरतो, हे शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नॉर्टन कमांडो या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचा गिअरबॉक्स उघडण्याआधी त्याची तपासणी कशी करायची, हे तुम्ही आम्हा कमांडोवाल्यांना हातात पाना न घेता शिकवलंत. फोनवर दोन शब्दांत आभार मानून ते फिटणार नाही. शिवाय तुम्ही सांगितलेलं आमच्यापुरतं राहिलं तर ते वाया जाईल. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, आणि तुमचा क्रम जसा आठवतो तसा त्यात घालतो आहोत. चुकलं असेल तर कान धरा.

तुमचं पहिलं सांगणं असं होतं की हा गिअरबॉक्स मुळात कमांडोसाठी बनलेलाच नव्हता. एएमसीने (असोसिएटेड मोटर सायकल्स या ब्रिटिश कंपनीने) तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या एजेएस, मॅचलेस आणि नॉर्टन गाड्यांसाठी आणला. १९६७ मध्ये कमांडो आली ७४५ सीसीची, १९७३ मध्ये इंजिन ८२८ सीसीचं झालं, आणि तोच चार गिअरांचा बॉक्स हा सगळा जोर सोसत राहिला. त्यामुळे तो कुठे हार मानतो हे ठरलेलं आहे. ते ठिकाण ठाऊक असलं की निम्मी तपासणी झाली, हे तुमचे शब्द.

आम्ही सर्वांत जास्त ऋणी आहोत ते एका गोष्टीबद्दल: कुठल्या वेळी कुठला शाफ्ट फिरतो, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत. क्लचकडून फिरणं येतं मेनशाफ्टवर, म्हणजे बॉक्सच्या मुख्य दांड्यावर. बाहेर जातं स्लीव्ह गिअर नावाच्या पोकळ गिअरवरून, कारण चेनचा पुढचा स्प्रॉकेट त्याच्यावर बसतो. मेनशाफ्ट त्या स्लीव्ह गिअरच्या पोटातूनच जातो, दोन बुशांवर (ब्राँझच्या नळ्यांवर). लेशाफ्ट म्हणजे मेनशाफ्टला समांतर असलेला दुसरा दांडा; त्याच्या डाव्या टोकाचा गिअर स्लीव्ह गिअरशी कायम जुळलेला. याचा अर्थ, मागचं चाक थांबलं की लेशाफ्टही थांबतो. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, इंजिन चालू: या वेळी मेनशाफ्ट फिरतो, लेशाफ्टवरचे मोकळे गिअर फिरतात, पण लेशाफ्ट स्वतः जागचा हलत नाही. म्हणून उभ्या गाडीत येणारी आणि क्लच दाबताच बंद होणारी घरघर लेशाफ्टच्या बेअरिंगची असूच शकत नाही. ती मेनशाफ्टच्या उजव्या बेअरिंगची, नाहीतर स्लीव्ह गिअरच्या बुशांची. ‘स्टँडवर ऐकलं, आवाज नाही, म्हणजे लेशाफ्ट ठीक आहे’ असं म्हणणारे कितीतरी भेटतात. त्यांनी नेमकी तीच वेळ निवडलेली असते जेव्हा तो बिचारा उभा असतो.

लेशाफ्टला विचारायचं ते रस्त्यावर. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये सगळा जोर त्याच्यामधून जातो. चौथ्यात मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअर एकमेकांत अडकून एकच होतात आणि लेशाफ्ट नुसता मोकळा फिरतो. तिसऱ्यात जोर दिल्यावर घरघर आहे आणि चौथ्यात टाकताच ती उतरते, तर बोट लेशाफ्टकडे. चौथ्यातही तशीच राहिली, तर स्लीव्ह गिअरचं मोठं बेअरिंग बघा.

आता ते बदनाम बेअरिंग. लेशाफ्टचं डावं टोक शेलमधल्या (बॉक्सच्या बाहेरच्या कवचातल्या) एका बंद खळग्यात बॉल बेअरिंगवर बसतं: ६२०३, आत १७ मिमी, बाहेर ४० मिमी, रुंदी १२ मिमी. स्लीव्ह गिअरला जोर देणारा गिअर त्याच्या अगदी लगत असल्यामुळे दोन गिअर एकमेकांना दूर ढकलतात तो मार थेट याच बेअरिंगवर येतो, आणि पहिल्या गिअरमध्ये सर्वांत जास्त येतो. पिंजरा तुटला की शाफ्ट तिरका होतो. आणि तो तिरका झाल्याचं बाहेर दिसतं ते किकच्या दांड्यावर, ही तुमची सर्वांत मोलाची खूण. लेशाफ्टचं उजवं टोक किकच्या पोकळ शाफ्टमधल्या बुशात फिरतं. शाफ्ट तिरका झाला की तो त्या बुशात आवळतो आणि किकला सोबत ओढतो. पहिल्या गिअरमध्ये जोर दिला आणि किकचा दांडा किंचित खाली दबून परत वर आला, बोटभरच का होईना, तर त्या क्षणी क्लच दाबायचा, गाडी बाजूला घ्यायची आणि टेम्पोतून घरी आणायची. त्यापुढची पायरी म्हणजे गिअर आपोआप सुटणं आणि मग बॉक्स जाम होणं. चालत्या गाडीत बॉक्स जाम झाला तर मागचं चाक अडकतं आणि शेलही फुटू शकतो. ‘आणखी दहा मैल जाईल’ हा हिशेब इथे करायचा नाही, हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलं होतं तो अजून कानात आहे.

बदलताना घालायचं ते एनजे २०३ रोलर बेअरिंग. मापं तीच, भार सोसण्याची ताकद पुष्कळ जास्त. फक्त बॉल बेअरिंग शाफ्टला आडवं धरून ठेवायचं, रोलर तसं धरत नाही. त्यामुळे शिम (पातळ चकत्या) घालून लेशाफ्टची आडवी मोकळीक बसवावीच लागते, साधारण ०.२५ मिमी, म्हणजे दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आतलं कव्हर गॅस्केटसकट आवळल्यावर किकचा शाफ्ट आत-बाहेर हलवून ती पुन्हा बघायची. मोकळीक शून्य झाली तर नवं बेअरिंग घालूनही किक पूर्वीसारखीच ओढली जाते, आणि माणूस बिचाऱ्या बेअरिंगला दोष देत बसतो. जुनं काढताना ठोकाठोक नको. सगळे शाफ्ट बाहेर काढून शेल पाण्याचा थेंब चर्रकन उडेल इतका तापवायचा, बेअरिंग सैल होतं. हे सगळं करायला शेल फ्रेममधून काढावा लागत नाही, आतला माल उजवीकडून बाहेर येतो. पण बंद खळग्यातलं बेअरिंग निघत नसेल तर हट्ट न करता शेल खाली घ्यावा आणि तापवून लाकडी फळीवर सपाट आपटावा, बेअरिंग स्वतःहून खाली पडतं, हेही तुमचंच.

गिअर सुटण्याच्या तक्रारीवर तुम्ही दिलेला हिशेब इतका सोपा आहे की आधी कुणी का सांगितला नाही याचं नवल वाटतं. पहिला आणि तिसरा हे दोन्ही लेशाफ्टवरच्या सरकत्या गिअरने पडतात, त्यांचा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) एक. दुसरा आणि चौथा मेनशाफ्टवरच्या सरकत्या गिअरने, त्यांचा फोर्क दुसरा. एकच गिअर सुटत असेल तर त्या गिअरचे डॉग (दोन गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजून गोल झालेत. जोडी सुटत असेल, पहिला-तिसरा किंवा दुसरा-चौथा, तर त्या जोडीचा फोर्क वाकलाय किंवा झिजलाय. चारही सुटत असतील तर आत जायच्या आधी बॉक्सच्या बुडाचा मोठा डोम नट खोला. त्यात कॅमप्लेटला (फोर्क हलवणाऱ्या खाचांच्या प्लेटला) खाचेत धरणारा प्लंजर आणि त्याची स्प्रिंग असते. स्प्रिंग थकली किंवा प्लंजर घाणीने अडकला की कॅमप्लेट खाचेत ठाम बसत नाही. काम दहा मिनिटांचं, खर्च एका स्प्रिंगचा.

गिअर सुटत नाहीत, पण एका बाजूला पडतच नाहीत, ही वेगळी तक्रार. वर जातो, खाली येत नाही, किंवा दर वेळी पायाने लिव्हर मध्यावर आणून द्यावा लागतो. याला बहुतेक वेळा बाहेरच्या कव्हरमधली पॉलची (लिव्हरबरोबर हलून गिअर बदलणाऱ्या खटक्याची) केसपिनेसारखी स्प्रिंग कारण असते. पाच स्क्रू काढले की कव्हर हातात. स्प्रिंगचे दोन्ही पाय पॉलला दोन्हीकडून जेमतेम टेकलेले हवेत. एका बाजूला फट दिसली तर त्याच बाजूला गिअर चुकणार. नवी स्प्रिंगसुद्धा बसवण्याआधी पॉलवर धरून बघावी, पाय फाकलेल्या स्प्रिंगा सर्रास मिळतात.

आणि बॉक्स नुकताच कुणी जोडून दिलाय आणि एखादा गिअर मिळतच नाही, तर कॅमप्लेट आणि क्वाड्रंट (कॅमप्लेट फिरवणारा दातेरी भाग) यांचा दात चुकलाय. क्वाड्रंटचा दांडा पूर्ण वर उचलायचा, त्याची वरची गोलाई कव्हरच्या वरच्या उजव्या स्टडच्या रेषेत आणायची, आणि त्या स्थितीत कॅमप्लेट चौथ्या गिअरच्या खाचेत बसवायची. एक दात मागेपुढे झाला की सगळी मेहनत पाण्यात.

पहिला गिअर टाकताना खर्रकन दात घासण्याचा आवाज येतो, त्यावरून बॉक्सला दोष देऊ नका, तो क्लच पूर्ण सुटत नसल्याचा आवाज आहे, हे तर तुम्ही प्रत्येकाला ऐकवता. केबल ढिली करायची, क्लचच्या मधला स्क्रू आतल्या, क्लच सोडवणाऱ्या दांडीला टेकेपर्यंत फिरवायचा, एक पूर्ण फेरा मागे घ्यायचा, नट आवळायचा, मग केबलला ३ ते ५ मिमी मोकळीक द्यायची. एवढ्याने जमलं नाही तर बॉक्सच्या बाहेरच्या कव्हरचं झाकण काढून आतला क्लचचा लिव्हर बघायचा. तो खाली घसरलेला असेल, किंवा त्याला धरणारी लॉकरिंग सैल होऊन तो केबलच्या रेषेतून फिरला असेल, तर बाहेरून कितीही आवळा, काही उपयोग नाही.

तेल काढताना तुम्ही खाली पांढरं फडकं धरायला लावलंत. सोनेरी चमक म्हणजे बुशांचं ब्राँझ, थोडी चमक जुन्या बॉक्सला चालते. लोखंडाचा बारीक काळा गाळही चालतो. बोटाला टोचणारा, एक बाजू चकचकीत असलेला तुकडा निघाला तर तो डॉगचा कोपरा किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याचा भाग, आणि गाडी तिथेच थांबली पाहिजे. भरायचं ते ईपी ९० हे गिअर ऑइल, सुमारे ०.४२ लिटर. ब्राँझचे बुश असल्यामुळे जीएल-४ दर्जाचं घेतलेलं बरं. क्लच घसरत असेल तर प्लेटा काढून वास घ्यायचा. ईपी ९० ला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. तो वास आला की समजायचं, बॉक्समधलं तेल पोकळ मेनशाफ्टमधून, दांडीच्या कडेने, क्लचपर्यंत पोचलंय. अशा वेळी नुसत्या प्लेटा बदलून काय होणार?

स्लीव्ह गिअरच्या बुशांची झीज बघायला क्लच उतरवून मेनशाफ्टचं टोक वर-खाली हलवायचं. आणि स्प्रॉकेटचा नट खोलणार असाल तर त्याला उलटा आटा आहे. परत लावताना ८० फूट-पौंड जोराने आवळायचा. क्लचच्या नटाला ७०, आटा सरळ. यात आणखी काही सांगण्यासारखं नाही.

काका, हे सगळं कुठल्या ना कुठल्या मॅन्युअलमध्ये सुटं सुटं सापडेलही. पण ‘आधी काय, मग काय आणि का’ हे त्यात नसतं. ते तुम्ही दिलंत, आणि प्रत्येकाला पुन्हा पुन्हा, न कंटाळता दिलंत. ज्या गावात या गाड्यांचे गिअरबॉक्स बनत त्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये बसून कुणी तिसऱ्या गिअरची घरघर मराठीतून समजावून सांगेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मनापासून आभार. काकूंनाही नमस्कार सांगा, त्यांच्या ओट्यावरच्या जुन्या सुपातले सुटे भाग आम्ही किती वेळा उपसले आहेत.

लॉकरिंगचा तुमचा पाना पुसून, तेल लावून या पत्रासोबत पाठवतो आहोत. त्याच्या एका दाताची कड किंचित दबली होती, ती भरून घासून घेतली आहे. बसवून बघा आणि कळवा.

आपले,
आम्ही कमांडोवाले