पंखा बंद करणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुमच्या कोटावर नावाची पट्टी होती, पण ती वाचता आली असती तर मी तुमच्याकडे आलोच कशाला असतो? म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. डॉक्टर येण्याआधी रुग्णांचा नंबर काढणं, डोळ्यांत थेंब घालणं, तपासण्या करून कागद तयार ठेवणं हे तुमचं काम. त्यात बसणारं नव्हतं असं बरंच काही तुम्ही माझ्यासाठी केलंत.

मी मुद्रितशोधक आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि सुटलेले अनुस्वार शोधण्यावर माझं पोट चालतं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, आकडे खाली आले, सगळे खूश. नंतर हळूहळू डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. चार ओळी वाचल्या की अक्षरं पुसट व्हायची, पापण्या मिटल्या की क्षणभर स्वच्छ दिसायचं, पुन्हा पुसट. सकाळी पापणी डोळ्याला चिकटलेली असायची. आणि गंमत म्हणजे वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

या पाण्यानेच माझा घात केला. ‘डोळे कोरडे पडलेत’ असं मी सांगायचो आणि समोरचे डॉक्टर माझ्या हातातल्या रुमालाकडे बघून हसायचे. एकांनी वयावर ढकललं. दुसऱ्यांनी ‘मोबाईल कमी बघा’ म्हटलं. माझं काम कागदावर चालतं हे सांगेपर्यंत पुढचा रुग्ण आत आला होता. कुणीतरी डोळ्यांचा लालपणा घालवणारे थेंब लिहून दिले. त्या थेंबांनी रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोळा दोन घटका पांढरा दिसतो. थेंब थांबवले की लाली दुप्पट जोमाने परत येते. रक्तदाब असलेल्यांनी हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. मला तर ते डॉक्टरांनीच दिले होते, रक्तदाब आहे का हे न विचारता! रक्तदाबाचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. डोळ्यांचे म्हणाले, गोळ्यांचं त्यांना विचारा. दोघांच्या मध्ये मी, रुमाल घेऊन. ही माणसं वाईट नव्हती, पण माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला त्यांच्यापैकी एकालाही सवड नव्हती.

तुमच्या खोलीत आलो तेव्हा पंख्याचा झोत नेमका त्या खुर्चीवर येत होता. मी मान वळवली, हाताचा आडोसा केला. तक्रार केली नाही, कारण तोवर तक्रारीची लाज वाटायला लागली होती. तुम्ही काही लिहीत होतात. मान वर केलीत, माझ्याकडे पाहिलंत, उठलात आणि पंखा बंद केलात. ‘झोत लागतो ना डोळ्यांना?’ एवढंच म्हणालात. खोलीत उकडत होतं. तुमच्या कपाळावर घाम आला, तो मनगटाने पुसत तुम्ही पुढचं काम केलंत, पण माझी तपासणी संपेपर्यंत त्या बटणाला हात लावला नाहीत.

ताई, मला त्या क्षणी भरून आलं होतं. तुम्ही ते कोरड्या डोळ्यांचं पाणी समजला असाल तर बरंच आहे. इतक्या दिवसांत माझं खरं मानणारं पहिलं माणूस भेटलं होतं, तेही मी तोंड उघडायच्या आधी.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात: ‘काका, रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ मी पिशवीच पुढे केली. तुम्ही एकेक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचलीत. मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी. हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारी. वर सर्दी-शिंकांसाठी घेत असलेली सेटिरिझिन. ‘तिन्ही गोळ्या डोळे कोरडे करू शकतात,’ तुम्ही म्हणालात. बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयाचा वेग कमी करतात, तशाच अश्रुग्रंथींनाही थोडं मंदावू शकतात, हे मला प्रथमच कळलं.

खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसायची ती तपासणी अनेकांना नकोशी वाटत असेल. मला ती आवडली, कारण तिच्यात आकडा होता. पट्टीवर १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ओल आली तर सहसा ठीक. माझी ५ च्या रेघेपर्यंतही पोचली नाही. तुम्ही पट्टी फेकून न देता माझ्यासमोर धरलीत. ‘बघा, तुम्ही खरंच सांगत होता.’ आणि पाणी का येतं तेही समजावलंत: डोळ्यावरचा रोजचा पातळ थर टिकत नाही, डोळा चुरचुरतो, मग मेंदू घाबरून एकदम पाणी सोडतो. आग लागल्यावर बंब येतो, पण तो बागेला रोज पाणी घालत नाही, असं म्हणालात. ही उपमा मी आता सगळ्यांना ऐकवतो, तुमचं नाव माहीत नसल्यामुळे स्वतःच्या नावावर.

निघताना एका चिठ्ठीवर तिन्ही गोळ्यांची नावं, पट्टीचा आकडा आणि ‘कृपया औषधांचा फेरविचार व्हावा’ एवढं लिहून तुमच्या डॉक्टरांची सही घेऊन दिलीत. आणि बजावलंत, ‘मनाने एकही गोळी बंद करायची नाही हं. बीटा ब्लॉकर एकदम सोडला तर रक्तदाब उसळतो, छातीत दुखू शकतं. डोळ्यांचं आपण बघू, काळजाशी खेळ नको.’ हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. माझ्या मनात तोच बेत शिजत होता.

पुढचं थोडक्यात. तोंडी सांगितलेलं ज्या डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी चिठ्ठी मात्र दोनदा वाचली. सर्दीची गोळी गेली, एक औषध बदललं, दुसरं त्यांच्या देखरेखीत हळूहळू कमी झालं. रक्तदाब ताब्यात आहे. तुम्ही सांगितलेले प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले कृत्रिम अश्रू वापरतो, कारण दिवसातून अनेकदा घालायचे तर बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला त्रास देतं. रात्री पापण्यांना कोमट शेक देतो. वाचताना माणूस पापण्या मिटायचंच विसरतो, एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटतात त्या निम्म्यावर येतात. म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी मुद्दाम डोळे मिटतो. डोळे पूर्वीसारखे झाले असं म्हणणार नाही. पण अनुस्वार सापडतात.

डोळे जरा सुधारल्यावर मी या विषयावर वाचत बसलो. हृदयविकारासाठी प्रॅक्टोलॉल नावाचा एक बीटा ब्लॉकर होता. काही रुग्णांचे डोळे त्याने इतके कोरडे पडले की दृष्टीला धोका झाला. लंडनचे नेत्रतज्ज्ञ पीटर राइट यांनी १९७५ मध्ये डोळ्यांची तक्रार आणि ही गोळी यांची सांगड मांडली आणि औषधाचा वापर आवरावा लागला. आजच्या गोळ्या तशा नाहीत, हे माझ्यासारख्या घाबरट वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. पण डोळा तपासणाऱ्या माणसाने गोळ्यांकडेही पाहावं, हे तेव्हापासून ठाऊक असलेलं शहाणपण माझ्यापर्यंत पोचायला तुमची खोली गाठावी लागली, याचा राग अजून गेलेला नाही.

शहाणपण पुस्तकातून मिळतं, पण पंखा बंद करायला कुठलंच पुस्तक सांगत नाही. अशी माणसं सगळीकडे असतात, बहुधा बिनमहत्त्वाच्या समजल्या जाणाऱ्या खुर्च्यांवर: अर्ज भरून देणारा कारकून, रात्री उशाशी पाण्याचा पेला सरकवून ठेवणारी परिचारिका. यांच्या कामाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, आणि सगळा गाडा त्यांच्यामुळेच चालतो.

हे पत्र तुमच्या वरिष्ठांच्या हाती पडलं तर त्यांना माझी एक विनंती आहे. दर रुग्णामागे किती मिनिटं लागली हे तुम्हाला विचारणं त्यांनी बंद करावं. माझ्या वेळी जास्त लागली होती. बाहेरची रांग कुरकुरत होती, मी ऐकत होतो.

पुढच्या तपासणीला येईन तेव्हा कोटावरचं नाव स्वतः वाचेन.

तुमचा ऋणी,
पंख्याखालचे काका